मुराळ्याचे टायर

शालिग्रामभाऊ वाकडे खिळे फेकत नसत. भडगावच्या आमच्या शेतकरी संघात मालाची खोकी उघडली की ते खिळे गोळा करत, दुपारच्या सुटीत पायरीवर बसून दगडाने सरळ करत आणि दुधाच्या पावडरच्या जुन्या डब्यात ठेवत. पाकिटे उलटी करून पुन्हा चिकटवत. कॅलेंडरचा महिना संपला की त्या पानाच्या मागे खतांची मागणी लिहून घेत. संघात त्यांना कोणी काटकसरी म्हणत, कोणी चिकट. मी बत्तीस वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. ते चिकट नव्हते. आमचा शिपाई रुपचंद याची बायको जळगावला दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस रजा टाकून आठ दिवस तिथल्या व्हरांड्यात झोपला होता. पण वस्तू वाया गेलेली आणि जास्त पैसे मोजून घेतलेली त्यांना बघवत नसे.

त्यांच्याकडे एक मोटारसायकल होती. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, भुसावळला लष्कराच्या लिलावात घेतलेली, विलायती बनावटीची. काळ्या रंगाचा पोपडा उडाला की खालून हिरवा रंग दिसायचा. तिचा आवाज असा की गिरणा नदीच्या पुलावर गाडी चढली की बाजारपेठेत कळे. लोक तिला तोफ म्हणत. आबा गेल्यावर शालिग्रामभाऊंनी ती रोज वापरली नाही. रोजच्यासाठी त्यांची सायकल होती. तोफ निघायची वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

आखाजीला आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. येतात म्हणजे आपल्या आपण येत नाहीत. भाऊ किंवा बाप आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय पोर माहेरी निघाली तर सासरचे काही बोलत नाहीत, पण तिला स्वतःलाच ते कमीपणाचे वाटते. नातवंडे झालेल्या बायकासुद्धा त्या दिवसांत ओसरीवर बसून रस्त्याकडे बघतात.

शालिग्रामभाऊंना एकच बहीण होती, मंजुळाबाई. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. ते तिला अक्का म्हणत. तिला धुळे जिल्ह्यात दिली होती, बेटावदच्या पुढे पांझरेकाठच्या गावात. भडगावहून पारोळा, अमळनेर करत जवळजवळ नव्वद किलोमीटर. आबा जिवंत होते तोवर तेच तोफेवर तिला आणायला जात. पुढे शालिग्रामभाऊ जाऊ लागले.

आबा वारल्यानंतर जमिनीचा प्रश्न आला. नदीकाठची आठ एकर, बागायती. कायद्याने निम्मी अक्काची. तिने हक्कसोड करून द्यायचे ठरवले, म्हणजे आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा. आमच्याकडे बहुतेक बहिणी देतात. दस्तावर साक्षीदार म्हणून मी होतो. निबंधक कार्यालयातल्या बाबूने नियमाप्रमाणे तिला विचारले, “बाई, राजीखुशीने करताय ना? कोणाचा दबाव नाही?”

“दबाव कशाना?” ती म्हणाली. “मना भाऊ शे तो.”

बाबू हसला. म्हणाला, “भाऊ आहे म्हणूनच विचारावं लागतं, अक्का.”

अंगठा नव्हे, सही केली तिने. सातवी शिकलेली होती. बाहेर आल्यावर शालिग्रामभाऊंनी तिच्यासाठी आणलेली साडी पुढे केली. ती घेतली आणि म्हणाली, “माले आजून काही नको, भाऊ. फक्त आखाजीले आबानी गाडी लिसन ये. ती गाडी वेशीत वाजनी का माले वाटस, आबाच उनात.”

आबाच आल्यासारखे तिला वाटावे म्हणून तीच गाडी घेऊन येईन, अशी शालिग्रामभाऊंनी मान हलवली. त्यानंतर अकरा आखाज्या ते वेळेवर गेले. वैशाखाच्या उन्हात डोक्याला पंचा बांधून सकाळी सहाला निघत, वाटेत गाडी गार करत दुपारी तिच्या दारात पोचत. त्या गावची पोरे वेशीपासून गाडीमागे पळत ओरडत, “मंजुळाआजीनी तोफ उनी!” अक्का आधीच तयार असायची. तिचा नवरा तोतारामदाजी ओट्यावरून चेष्टा करायचा, “ने बाबा ने, चार दिवस तरी कानाला आराम.” ती म्हणायची, “चार नही, आठ दिवस येत नही मी.”

अकराव्या आखाजीला परतीच्या वाटेवर, अमळनेरच्या अलीकडे मागचा टायर फुटला. दोघे रस्त्याच्या कडेला मातीत पडले. अक्काचा गुडघा खरचटला. पंक्चरवाल्याने टायर हातात घेऊन दोन्ही बाजूंच्या भेगा दाखवल्या आणि म्हणाला, “बाबा, ट्यूब बदलून घरी जा. पण या टायरवर बहिणीला परत बसवू नका. पुढचाही तसाच झालाय.”

म्हणून शालिग्रामभाऊ दिवाळीनंतर टायरच्या शोधाला लागले. जळगावला, धुळ्याला त्या मापाचा टायर नव्हता. दुकानदार म्हणत, “काका, ही गाडी आता पेपरात बघायची.” पुण्याला जुन्या गाड्यांचे सामान विकणारा एक जण होता. त्याने जोडीचे साडेचौदा हजार सांगितले. जुन्या गाड्यांचा शौक श्रीमंतांना लागल्यापासून असे भाव झाले होते.

“साडेचौदा हजार!” शालिग्रामभाऊ मला म्हणाले. “नाना, आबांनी अख्खी गाडी दीड हजारात आणली होती.”

त्यांच्या मुलाने, ज्ञानेश्वरने, नाशिकहून फोनवर एक दुकान दाखवले. थायलंडमधले. तीच मापे, नवे कोरे टायर, टपालखर्च धरून आठ हजार दोनशे. शालिग्रामभाऊंनी तो फोन माझ्यापुढे धरला. मी बी. कॉम. झालेला माणूस. एका कागदावर दोन रकाने पाडून दिले, हा भाव, तो भाव, फरक सहा हजार तीनशे. विनिमयाचा दरही बघितला. आयातीचा नियम काय आहे हे बघितले नाही. ते बघणे खरे तर माझ्याच शिक्षणातले काम होते. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि त्या संध्याकाळी पैसे भरले. जानेवारीचा महिना होता.

पंधरा दिवसांत, त्यांनी जिला सांगितले नाही अशी एकही व्यक्ती संघात उरली नाही. टायर कुठवर आले ते फोनवर दिसते याचे त्यांना फार कौतुक होते. “आज बँकॉकमधून निघाले.” “आज मुंबईला उतरले.” मग मुंबईलाच थांबले. फेब्रुवारी गेला. रुपचंद चहा ठेवताना विचारायचा, “भाऊ, टायर विमानाने निघाले होते की कासवावर?”

“येतील रे. सरकारी काम आहे.”

“बघा, नाहीतर त्याच टायरवर बसून कोणीतरी भडगावला यायचं.”

सगळे हसत. तेही हसत.

मार्चच्या मध्यावर कस्टमचे पत्र आले. मी दोनदा वाचले आणि त्यांना समजावून सांगितले. बाहेरून टायर आणायला परवाना लागतो. शिवाय टायरवर भारतीय मानकाचा शिक्का हवा. दोन्ही नाही. माल सोडता येणार नाही. परत पाठवायचा की नष्ट करायचा ते कळवा.

“आपण तर दोनच मागवले,” ते म्हणाले. “विकायला थोडेच?”

“दोन असोत की दोन हजार, भाऊ. नियम टायरला आहे.”

त्यांनी अर्ज केला. बहिणीसाठी हवे आहेत असेही त्यात लिहिले होते, ते मी खोडायला लावले. ज्ञानेश्वरने मुंबईचा एक एजंट गाठला. तो दर सोमवारी म्हणायचा, होऊन जाईल. आखाजी मेच्या दहा तारखेला होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना स्पष्ट म्हटले, “शालिग्रामभाऊ, पुण्याहून जोडी मागवून टाका. चार दिवसांत येईल.”

त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, “आणि हे सुटले तर? दोन-दोन जोड्यांचं मी काय करू, नाना?”

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नसतो. मी हे त्यांना सांगितले. एकदाच सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला हवे होते, पण मार्चअखेरचे हिशेब अजून पुरे व्हायचे होते आणि माझे डोके तिकडे होते.

अक्काचा फोन दर रविवारी यायचा. एकदा ते माझ्या घरी आले असताना आला, म्हणून मी ऐकला. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

“भाऊ, टायर उनात का?”

“आजून नहीत, अक्का. ह्या आठोड्यात येतीन.”

“घाई नको करू. आखाजीले येळ शे.”

“तुनी तब्येत कशी शे? आवाज बसेल वाटस.”

“ऊन शे, दुसरं काय. पुनम ताक देस रोज.” पुनम म्हणजे तिची सून. “तू लेवाले ये, मी ठणठणीत व्हसू.”

ती ठणठणीत नव्हती, हे आम्हाला पुढे कळले. फेब्रुवारीतच धुळ्याच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाची तपासणी करून जपायला सांगितले होते. हे तिने भावाला कळू द्यायचे नाही असे घरात बजावले होते. कळले असते तर त्याने तिला उन्हात गाडीवर बसवून आणले नसते, हे तिला ठाऊक होते.

मेची पाच तारीख उजाडली. एजंटाने फोन उचलणे बंद केले. मी शालिग्रामभाऊंना म्हणालो, “माझी गाडी घ्या. मी चालवतो. सकाळी जाऊ, संध्याकाळी अक्काला घेऊन येऊ.”

ते पेनचे टोपण उघडत-मिटत म्हणाले, “नाना, तुम्ही त्या दिवशी साक्षीला होता. चार एकर बागायत तिने सोडली आणि मागितलं काय, तर आबांची गाडी. तेवढंही माझ्याने होत नाही, हे तुमच्या कारमधून उतरून तिला कसं सांगू?”

“तिला गाडी नको असेल, भाऊ. तुम्ही हवे असाल.”

“तुम्हाला नाही कळायचं. तो शब्द आहे.”

मग त्यांनी नवलला, अक्काच्या मुलाला फोन केला आणि त्याच्या गाडीतून अक्काला सोडायला सांगितले. त्याच्या हातून फोन अक्कानेच घेतला. मुलगा आईला माहेरी सोडत नसतो, भाऊ न्यायला येतो, असे म्हणाली आणि हसली. राहू दे, म्हणाली, टायर येऊ देत, आखाजीनंतर आठ दिवसांनी आले तरी आंबे असतातच.

दहा तारखेला शालिग्रामभाऊंच्या घरी आबांच्या नावाची घागर पुजली. सांजोऱ्या, आमरस, सगळे झाले. गल्लीत कडुनिंबाला झोके बांधलेले होते आणि मुलींची गाणी चालू होती. त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी, दुपारी मला जेवायला बोलावले होते. त्या वाढता वाढता म्हणाल्या, “भाऊजी, यांना सांगा ना. बारा वर्षांत पहिल्यांदा वन्सं नाहीत ताटावर. एसटी काय बंद पडली होती?” शालिग्रामभाऊंनी खाली बघून रस संपवला.

सतरा तारखेला सकाळी आठला त्यांचा फोन आला. “नाना, तुमची गाडी काढा.” मी कारण विचारले नाही.

बाईमाणूस गेले की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडावी लागते. ती भाऊ घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. बाजारात धनसिंगशेठच्या दुकानाचे शटर अर्धे उघडे होते. निरोप कळताच त्याने पूर्ण उघडले आणि चार-पाच साड्या गादीवर मांडल्या. शालिग्रामभाऊंनी एक हिरवी साडी उचलली. काठ बोटांनी चाचपला. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेले, “केवढ्याची?”

धनसिंगशेठने खाली बघितले. माझ्याकडेही बघितले नाही. शालिग्रामभाऊ साडी हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातले होते तेवढे सगळे पैसे गादीवर ठेवले आणि बाहेर आले. उरलेले पैसे शेठने माझ्या हातात दिले.

बेटावद सोडल्यावर शालिग्रामभाऊ म्हणाले, “हळू चालवा.” गावाच्या वेशीत आम्ही शिरलो तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या गाडीसारख्या लहान पांढऱ्या गाड्या त्या सकाळपासून बऱ्याच आल्या होत्या. घरासमोर माणसे बसली होती. नवल दारात उभा होता. मामाच्या हातातली साडी त्याने घेतली, आत दिली आणि परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. पस्तिशीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, एरवी मामापुढे आवाज न काढणारा.

“मामा,” तो म्हणाला, “किती पैसा वाचनात?”

“उगा राय, नवल,” तोतारामदाजी ओट्यावरून म्हणाले.

नवल आत गेला. शालिग्रामभाऊ उन्हात उभे होते. कोणीतरी त्यांना हाताला धरून सावलीत नेले.

जूनमध्ये टायर जिथून आले होते तिथे परत गेले आणि दुकानदाराने टपालखर्च कापून पैसे पाठवले. बँकेचा संदेश त्यांनी मला दाखवला. “परत आले, नाना,” एवढेच म्हणाले. मला वाटते, पैसे परत येऊ शकतात हे बघूनच त्यांच्या मनात पुढचे आले. आठवडाभराने त्यांनी मला वकिलाकडे नेले. अक्काचा चार एकरांचा हिस्सा नवलच्या नावे बक्षीस करून द्यायचा होता. बेबाबाई नको म्हणाल्या नाहीत. ज्ञानेश्वरने नाशिकहून फोनवर थोडा वाद घातला, मग गप्प झाला. कागद तयार झाले. ते घेऊन शालिग्रामभाऊ एसटीने बहिणीच्या गावी गेले.

तिथे काय झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी संघात सांगितले. नवलने मामाला पाणी दिले, जेवायला बसवले, कागद शेवटपर्यंत वाचले. मग घडी घालून त्यांच्याच पिशवीत ठेवले. म्हणाला, “आईनी जे सोडं ते मी कसाले उचलू, मामा? तिनी राजीखुशीनं दिधं. ते परत लिधं तर तिनी सही खोटी व्हई.” रागाने बोलला नाही. त्या दिवशी दारात बोललो त्याची माफीही त्याने मागितली. शालिग्रामभाऊ म्हणाले की माफी मागितली नसती तर बरे झाले असते.

निघताना पुनम त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आली. एसटीला अर्धा तास होता. दोघे थांब्यावर निंबाखाली उभे राहिले. आखाजीच्या त्या आठ दिवसांबद्दल त्यांनी तिला विचारले. पुनम आधी टाळत होती. मग सांगू लागली.

“सासूबाई सकाळपासून ओसरीवर बसायच्या. कुठलीही मोटारसायकल आली की कान द्यायच्या आणि म्हणायच्या, ही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, पुनम, तो एसटीनं आला ना, तरी मी जाईन गं. पायी आला तरी जाईन. मी म्हटलं, मग फोन करून सांगा ना मामांना. मी लावून देते. तर नको म्हणाल्या. गाडीची अट मीच घातलेली, म्हणाल्या. आता मीच एसटीनं ये म्हटलं, तर त्याला वाटेल अक्कानं मला माफ केलं, म्हणजे माझं काहीतरी चुकलंय. भावाला कमीपणा येईल. त्याला त्याच्या तोऱ्यात येऊ दे.”

एवढे सांगून शालिग्रामभाऊ थांबले. रुपचंद चहा घेऊन आला होता, तो ट्रे हातात धरून तिथेच उभा राहिला. समोर कीटकनाशकांच्या मालाची यादी पडली होती. ती त्यांनी उगाच सरळ केली.

“नाना,” ते म्हणाले, “एसटीत बायकांना आता अर्धंच तिकीट आहे. येताना तिचं अर्धंच लागलं असतं.”

आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत, मी त्यांना रडताना पाहिले.